सोल्यूशनच्या खोलीत कोण बसणार

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन घरात आली तेव्हा चार दिवसांतच सासूबाई म्हणाल्या, "हिच्या जिभेला हाड नाही." ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "कुणाच्याच नसतं, सासूबाई." सासूबाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही. अशी ही बाई आयुष्यात एकदाच, ऐन वेळी, गप्प बसली. तिथून सगळं बिघडलं.

ती आणि माझे धाकटे दीर एकाच बुटांच्या कारखान्यात होते. दीर चामडं कापायचे, ही मशीनवर वरचा भाग शिवायची. मालक एके दिवशी कुलूप लावून परागंदा झाला. कामगारांनी कुलूप तोडलं, मशीनं सुरू केली, कोर्टकचेऱ्या केल्या आणि कारखाना स्वतःच्या नावावर करून घेतला. एक माणूस, एक मत. मॅनेजरसुद्धा हात वर करून निवडायचा.

आमचे हे त्या दिवसापासून जे बोलायला लागले ते अजून थांबलेले नाहीत. "याला म्हणतात लोकशाही समाजवाद," ते जेवताना सांगत. "भांडवलशाहीत माणूस मशीनला जुंपलेला असतो. इथे मशीन माणसाचं आहे."

"आणि बूट?" मी विचारायची.

कारण बूट दणकट होते, पण दिसायला विटा. समोरच्या रस्त्यावर खाजगी कारखाना होता, त्याचे बूट काचेच्या कपाटात ठेवावेत असे. इकडे सभाच सभा. संडासाच्या दाराला कुठला रंग द्यायचा यावर एक अख्खी संध्याकाळ गेली होती. शिवाय कामचुकारांचा आवाज सभेत सर्वांत मोठा. हे लपवण्यात अर्थ नाही. पण जाऊबाई तिथून घरी यायची ती ताठ मानेने. समोरच्या कारखान्यातली माणसं सुटायची तेव्हा दाराशी त्यांच्या पिशव्या तपासत. हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

जाऊबाईच्या कारखान्यात एक गोष्ट मात्र लाख मोलाची होती. तळ चिकटवायच्या द्रवाला सगळे सोल्यूशन म्हणत. त्याची वेगळी खोली होती. तिथे बसलं की डोकं भणभणतं, घसा जळतो, जेवण जात नाही. समोरच्या कारखान्यात तिथे कोण बसायचं? ज्याला दुसरीकडे कुठे काम मिळत नाही तो. हिच्या कारखान्यात प्रत्येकाचा नंबर. आठवडाभर आत, मग पुढचा माणूस. शिवणारी, कापणारा, हिशेबनीस, मॅनेजर, कुणाची सुटका नाही. म्हणून तर हवा बाहेर फेकणारा पंखा बिघडला की दुपारच्या आत दुरुस्त व्हायचा. आज ना उद्या मॅनेजरलाच आत बसायचं होतं ना!

मग दिरांना धाप लागायला लागली. जिना चढताना मधेच थांबायचे आणि भिंतीवरचा पोपडा बघत असल्याचं सोंग करायचे. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं कमजोर आहेत, सोल्यूशनच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. आणि पुढच्याच आठवड्यात त्यांचा नंबर.

जाऊबाई सभेत उठली. "यांचा नंबर मी घेते. माझाही बसेन, यांचाही बसेन."

दीर खालच्या आवाजात म्हणाले, "अगं, लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, बायको बरी मिळाली."

सगळे हसले, सगळ्यांनी हात वर केले. खरं तर आजाऱ्याला सवलत असा साधा नियम करता आला असता. पण तो करायला लांबलचक चर्चा लागली असती, आणि माणसं भुकेजली होती. तेव्हा ठरलं ते एवढंच : एकाचा नंबर दुसऱ्याला घेता येईल. दया केली, पण घाईघाईत केली.

कारखान्यात बुटांचे नमुने काढणारा एक जण होता. सगळे त्याला नमुनाच म्हणत आणि तो होताही तसाच. पण हात सोन्याचा. त्याच्यामुळे विटांना जरा बुटांचं रूप यायला लागलं होतं. पुढच्या सभेत तो म्हणाला, "वहिनींना नवऱ्याचा नंबर घेता येतो. मग माझा नंबर कुणी पैसे घेऊन घेतला तर बिघडलं काय? तो राजी, मी राजी. मी आत भणभणत बसण्यापेक्षा नवा नमुना काढला तर फायदा तुमचाच."

बरोबरच होतं की! असल्या गोष्टी नेहमी बरोबरच वाटतात. एक म्हातारा चामडं रंगवणारा तेवढा गुरगुरला, "आज नंबर विकाल, उद्या कारखाना विकाल." त्याला लोक म्हणाले, "बाबा, तुम्ही चहा घ्या."

आणि सगळ्यांनी जाऊबाईकडे पाहिलं. ती उठली असती तर ठराव पडला असता, इतका तिचा शब्द होता. ती उठली नाही. मला नंतर म्हणाली, "ताई, कुठल्या तोंडानं बोलणार? मी माझ्या माणसाला वाचवलं आणि दुसऱ्याला नाही म्हणू?" मी म्हटलं, "तू श्रम दिलेस, तो पैसे देतोय. यातला फरक तुला कळत नाही?" "कळतो," ती म्हणाली, "पण सभेत सांगता आला नाही." तिने हात वर केला होता. ठरावाच्या बाजूने.

वर्ष सरलं तेव्हा सोल्यूशनच्या खोलीत त्याच त्या चार बायका दिसायच्या. एकीचा नवरा दारुडा, एकीची पोरं लहान, आणि तशाच दुसऱ्या दोघी. जाऊबाई मात्र आपले दोन्ही नंबर स्वतः बसायची, एकही पैसे देऊन दुसऱ्याच्या गळ्यात घातला नाही. पंखा पुन्हा बिघडला. मॅनेजर म्हणाला, "बघू, पुढच्या महिन्यात." त्याने स्वतःचा नंबर कधीचाच पैसे देऊन त्या बायकांवर ढकलला होता. आणि बाकीच्यांनाही आता सभेला यायचा कंटाळा यायला लागला. म्हाताऱ्याचं भाकीत खरं व्हायला फार वेळ लागला नाही. समोरच्या कारखान्याच्या मालकाने चांगला भाव दिला, आणि कारखाना विकायचा ठराव अगदी रीतसर, हात वर करून मंजूर झाला. या वेळी जाऊबाईने विरोधात हात वर केला. तिच्या बाजूला फक्त म्हातारा.

नव्या मालकाने काही वाईट केलं नाही, हे मी मुद्दाम सांगते. भिंती रंगवल्या, पगार वेळेवर दिला, चामडं कापायचं मशीन आणलं. मशीन आलं म्हणजे कापणारे नकोत. मुकादमाने दिरांना सांगितलं, "काका, सोल्यूशनच्या खोलीत जागा आहे. नाहीतर घरी."

जाऊबाई मशीन सोडून उठली. "त्यांच्या जागी मी बसते."

"बाई, ही काय तुमची सभा आहे?" मुकादम म्हणाला. "तुमचा हात शिवणीवर चांगला आहे. मालकाचं नुकसान का करू?"

ती सगळ्यांकडे वळली. "या माणसाला आत पाठवू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा!"

सगळ्यांनाच तसं वाटत होतं. मशीनं चालत राहिली, माना खाली राहिल्या. नमुन्याने तर चष्मा काढून पुसायला घेतला.

दीर म्हणाले, "चल, पुरे." दोघं पिशव्या तपासून घेऊन बाहेर पडली.

आता ती घरीच काम करते, त्याच मालकाचं. पोत्यांतून माल येतो, नगावर पैसे. आधी नुसती शिवण होती. मग मालकाने सोल्यूशनची खोलीच बंद केली, कटकट नको म्हणून. डबे घरोघर पाठवले. दीर आतल्या खोलीत उशीला टेकून बसलेले असतात. म्हणून ही बाहेर, जिन्याच्या वळणावर, नाकाला फडकं बांधून तळ चिकटवते. खालच्या मजल्यावरचे वासावरून भांडतात, ती त्यांना पुरून उरते.

परवा आम्ही दोघं त्यांच्या बिऱ्हाडी गेलो होतो. हे उंबऱ्यातच उभे राहिले आणि लागले समजावायला, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तत्त्व चुकीचं नव्हतं. भांडवलशाहीच्या वेढ्यात एक बेट कितीसं टिकणार? सगळीकडे तसे कारखाने असते तर..."

तिने डब्यातला ब्रश काढला, तोंडावरचं फडकं जरासं खाली केलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "आधी ते दार लावा. वास आत जातोय."