चोपदाराचा निळा चष्मा

अर्जदार: मी स्वतः. शिक्षण सातवी पास, धंदा कोर्टाबाहेर बसून अर्ज व प्रतिज्ञापत्रे लिहिणे, राहणार नारायण पेठ, पुणे. मान: आमच्या आळीतील दत्तमंदिराची चोपदारी, वडिलांपासून चालत आलेली. व्याधी: कंपवात. घटनेचा दिवस: मार्गशीर्ष पौर्णिमा, दत्तजयंती, सूर्यास्तानंतर. साक्षीदार: एक, माझी पत्नी सौ. मालती. दोन, माझ्या शेजारच्या टेबलावर टाईप करणारे इक्बालभाई. तीन, कु. प्राजक्ता, मूळची अमरावतीकडची, हल्ली वारजे, नोकरी संगणक कंपनीत. चार, मंदिराचे विश्वस्त दामूअण्णा, जे साक्ष देण्यास नाखूश असले तरी त्यांनी सर्व प्रकार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. पुढील मजकूर श्रीदत्तगुरूंना स्मरून, खरा तोच, सादर करीत आहे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी नमूद करतो की, चोपदार म्हणजे पालखीच्या पुढे चालणारा. डोक्याला पागोटे, खांद्यावर उपरणे, हातात चांदीची मूठ असलेली घुंगरांची काठी. महाराज येत आहेत ही ललकारी त्याने द्यायची आणि पालखीने त्याच्यामागून चालायचे. चोपदाराला ओलांडून पालखी पुढे जात नाही, हा आमच्या मंदिराचा नियम. या नियमाचा मला फार अभिमान होता. कोर्टात मोठमोठे वकील माझ्याकडून मसुदे घेऊन जात, आणि इकडे प्रत्यक्ष महाराज माझ्यामागून येत. माणसाला आणखी काय हवे?

अशा माणसाला कंपवाताने गाठले. आधी हात थरथरू लागला, मग कागदावरच्या ओळी डोळ्यांपुढे हलू लागल्या, आणि शेवटी पाय अडू लागले. उंबरा आला, पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी आली, की पाय जमिनीला खिळल्यासारखे होत. त्यातच आळीतल्या एका मुलाने अमेरिकेतून देणगी पाठवली व मंदिराच्या सभामंडपात काळ्या-पांढऱ्या चौकटींची चकचकीत फरशी बसली. सर्वांनी कौतुक केले. मी मात्र त्या फरशीवर भिंतीच्या कडेकडेने चालू लागलो.

वर नमूद केलेल्या घटनेच्या आदल्या वर्षी, जयंतीला, व्हायचे तेच झाले. पालखी मंडपाच्या कोपऱ्यावर वळत असताना माझे पाय अडकले. मी थांबलो म्हणून पालखी थांबली. मागून एक बाई म्हणाल्या, "महाराजांना इथंच थांबायचंय हो! आरती लावा!" झाले. उदबत्त्या लागल्या, आरती झाली, तरी माझा पाय उचलेना, म्हणून दुसरी आरती झाली. लोक गहिवरून गेले होते. महाराजांची पुढे जायची इच्छा आहे आणि वाट मी अडवली आहे, हे त्या गर्दीत मला एकट्याला कळत होते. अखेर दोघांनी मला काखेत धरून बाजूला केले.

दामूअण्णांना मात्र काय झाले ते बरोबर उमगले होते. पुढच्या बैठकीत ते म्हणाले, "काठी दुसऱ्याकडे द्या. वाट अडवायला पुण्यात ट्रॅफिक आहे, चोपदार कशाला?" निर्णय पुढच्या जयंतीपर्यंत लांबणीवर पडला, परंतु मी आतून मोडलो. गाभाऱ्यासमोर बसून मी महाराजांपुढे माझी बाजू मांडली. वडिलांची सेवा, माझी सेवा, कोणाचे वाईट केले नाही, सबब हाताचा कंप थांबावा व पाय पूर्ववत व्हावेत. मुद्देसूद मांडली. कंप वाढला. मग मी मंदिरात जाणे सोडले. ऐकणारे तेथे कोणी नसावे, असे माझ्या मनाने घेतले होते.

अशा मनःस्थितीत एका गुरुवारी दुपारी प्राजक्ता माझ्या टेबलाशी आली. कंपनी तिला परदेशी पाठवणार होती आणि दाखल्यावर नाव एक व पासपोर्टवर दुसरे, म्हणून प्रतिज्ञापत्र हवे होते. ऊन थेट कागदावर पडले होते. ओळी इतक्या हलत होत्या की मला स्वतःचेच अक्षर लागेना. माझा अगदी कमी नंबराचा चष्मा मी सवयीने कपाळावर सरकवला होता हे विसरून मी टेबल चाचपले, हाताला लागला तो चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वाचू लागलो. ओळी शांत पडून राहिल्या. मजकूर मी खणखणीत वाचून दाखवला, तिने सही केली आणि ती घाईने निघाली. इक्बालभाई म्हणाले, "अहो, मुलीची चष्म्याची डबी राहिली बघा." मी डबी उचलली आणि तिला हाका मारत थेट फाटकापर्यंत गेलो.

तिने डबी उघडली. आत काही नव्हते. माझ्या तोंडाकडे पाहून ती म्हणाली, "काका, डबी मला अन् चष्मा तुम्हाला, असं ठरलं होतं काय आपलं?"

मी नाकाला हात लावला. संगणकासमोर बसताना ती वापरीत असलेला, फिकट निळ्या काचांचा, बिननंबरी चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. तेवढ्यात मागून इक्बालभाई ओरडले, "अहो, आज भिंत कुठे ठेवून आलात?" मी वळून पाहिले. टेबलापासून फाटकापर्यंतचा व्हरांडाही काळ्या-पांढऱ्या चौकटींचाच आहे, आणि तो मी रोज भिंत धरून, बोट बोट सरकत ओलांडतो. आज मी तो धावत ओलांडला होता आणि मला पत्ताही नव्हता. मला तेथेच रडू कोसळले. सर्व ऐकून घेतल्यावर ती मुलगी म्हणाली, "राहू द्या न काका तुमच्याजवळ. मी दुसरा घेईन." गुरुवार हा महाराजांचा वार. याहून अधिक मी काही म्हणत नाही.

सदाशिव पेठेतील माझ्या डॉक्टरांना मी चष्मा दाखवला. ते हसले नाहीत. म्हणाले, काही रुग्णांना ठरावीक रंगाच्या काचेने डोळ्यांपुढचा गोंधळ कमी होतो आणि चालणे सुधारते. सर्वांना होत नाही, आणि का होते ते मलाही नेमके सांगता येणार नाही. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत. त्यांनी पाठवले तेथे निरनिराळ्या रंगांच्या काचा लावून पाहिल्या. पिवळीने मळमळले, तपकिरीने काही झाले नाही, निळीने पाय मोकळे झाले. माझ्या नंबराचा तसा चष्मा करून घेतला. हाताचा कंप होता तसाच राहिला.

जयंतीच्या आधीच्या बैठकीस मी तो चष्मा घालून गेलो. दामूअण्णा म्हणाले, "पागोटं, उपरणं आणि वर गॉगल! आता पालखीला हॉर्नही बसवून घ्या. परंपरा आहे की नाही काही?" मी म्हणालो, "अण्णा, आपण कवळी लावून महाराजांचा प्रसाद खाता. ती कोणत्या परंपरेत बसते?" बैठक हसली. शेवटी ठरले की एक संधी द्यायची. दुसरा माणूस पागोटे घालून शेजारी तयार उभा राहील. मी थांबलो की त्याने तेथल्या तेथे काठी घ्यायची, आणि ती कायमची.

जन्मकाळ झाला, फुले उधळली गेली, पालखी उठली. मी ललकारी दिली आणि मंडपात पाऊल टाकले. निळ्या काचेखाली त्या चौकटी विहिरीच्या पाण्यासारख्या निवळल्या होत्या. तरीही कोपरा आला आणि डावा पाय जड झाला. शेजारच्या माणसाने हात पुढे केला. त्या क्षणी माझ्याजवळ एकही मुद्दा उरला नव्हता. मी मनात एवढेच म्हणालो, महाराज, काठी आपली, पायही आपले, ज्याला द्यायची त्याला द्या. आणि पाय उचलला गेला. मग दुसरा. माझा कंप पावणारा हात काठीवर होता आणि त्या थरथरीने घुंगरू अखंड वाजत होते. पूर्वी मी ते ठोका देऊन वाजवीत असे, आता ते आपोआप, न थांबता वाजत होते. धडधाकट असतानाही कधी लागला नसेल असा माझा आवाज त्या दिवशी लागला. दिगंबराच्या गजरात पालखीने पूर्ण प्रदक्षिणा केली, एकदाही न थांबता. मालती खांबाला टेकून रडत होती. दामूअण्णा पायरीवर उभे होते. त्यांनी आरतीचे तबक माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, "घ्या, चोपदार." वर्षभरात त्यांनी मला या नावाने हाक मारली नव्हती.

मी बरा झालेलो नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. मी मागितले ते मिळाले नाही. जे मिळाले ते मागण्याची मला अक्कल नव्हती. अर्जात काय मागावे हे आयुष्यभर लोकांना सांगत आलो. महाराजांपुढे मात्र मागणीची जागा कोरी सोडावी, तेथे ते स्वतःच्या हाताने लिहितात, एवढे मी शिकलो.

सबब नम्र विनंती की, विश्वस्त मंडळाने चोपदाराच्या पोशाखात रंगीत चष्म्यास कायम मंजुरी द्यावी व तसे लेखी कळवावे. श्रीदत्तगुरूंच्या चरणी विनंती की, ज्या दिवशी या काचा असूनही पाय उचलणार नाहीत, त्या दिवशी काठी आपण स्वतः माझ्या हातून काढून घ्यावी. मी कारण विचारणार नाही. आपले उत्तर लेखी नको. पुढील जयंतीस कोपऱ्यावर एक पाऊल उचलून द्यावे, म्हणजे अर्ज पोचला असे मी समजेन.