नालबंदाचा घोडा

चाळीस वर्षं लोकांच्या घोड्यांना नाल ठोकणारा नालबंद अडुसष्टावं लागल्यावर स्वतःसाठी घोडा घ्यायला निघाला. तबेलेवाल्याने राजबिंडा अरबी घोडा पुढे केला. नालबंदाने वर बसून मुद्दाम टोपी खाली टाकली. ती उचलून पुन्हा चढेपर्यंत अरबी घोड्याचा पाय काही एका जागी ठरेना. मग त्याने कोपऱ्यातलं बुटकं डोंगरी तट्टू मागितलं. पुन्हा टोपी पडली. तो गुडघा धरून उतरला, कण्हत चढला; तट्टू आपलं डोळे मिटून उभं.

"हेच द्या."

"काका, तुम्ही तर पाय बघून घोडा पारखणारे," तबेलेवाला म्हणाला. "याचे पाय तरी बघा."

"घोड्यांचे जन्मभर बघितले," नालबंद म्हणाला. "आज माझे बघून आलोय."