मास्तरांचं घट्ट झाकण

टेलरमास्तरांची जुनी गाडी दर खेपेला अर्ध्या वाटेत बंद पडायची आणि मास्तर दर खेपेला म्हणायचे, "आता कळलं घोडं कुठे पेंड खातंय ते." घोडं मात्र जागा बदलून पेंड खात होतं. मास्तरांनी प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलला, कार्बोरेटर तर दुकानात कापड कापायच्या टेबलावरच उघडला. त्यात एका गिऱ्हाइकाची पांढरी पँट कामातून गेली. पण मेकॅनिककडे जायचं नाव नाही. "माणसाने शिवलेलं माणसाला उसवता येतं," असं त्यांचं म्हणणं. म्हणणं खोटं नव्हतं, पण उसवायचं कुठून हे कळायला नको?

गाडी घेतली होती बायकोसाठी. काकूंचे गुडघे गेले, बसची पायरी चढवेना, आणि दोन तासांवर राहणाऱ्या थोरल्या बहिणीची कित्येक वर्षांत भेट नाही. "मी नेतो तुला," असा मास्तरांनी शब्द दिला होता. चारदा निघाले, चारदा परतले. गाडी पुन्हा सुरू झाली तरी पुढे जायची छाती होत नसे.

पाचव्यांदा निघताना काकूंनी निक्षून सांगितलं, "आज बंद पडली तर भंगारात द्यायची. ताईलाही फोन करून सांगते, आता येणं व्हायचं नाही. उगाच वाट बघत बसवायचं नाही तिला." मास्तरांनी किल्ली फिरवली.

अर्ध्या वाटेत गाडीने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. काकूंनी पर्समधून फोन काढला. मास्तर उतरले आणि सवयीने टाकीचं झाकण काढून आत डोकावले. पेट्रोल भरपूर होतं.

"अहो," काकू खिडकीतून म्हणाल्या, "तुम्ही टाकीत बघितलं की मगच सुरू होते ही. तुम्हाला घाबरते की काय?"

मास्तर हसणार होते, पण थबकले. झाकण काढताना फुस्स आवाज झाला होता. तो दर वेळी व्हायचा. त्यांनी झाकण उलटं केलं. आत रबराची चकती होती, त्यांनीच कापून चिकटवलेली. काकूंना पेट्रोलच्या वासाने मळमळतं म्हणून केलेली कारागिरी. सुई शिरणार नाही असं फिटिंग! तिच्याखाली झाकणाचं हवेचं भोक बुजून गेलं होतं. टाकीत हवाच शिरेना, म्हणून थोडं अंतर गेलं की पेट्रोल पुढे सरकायचंच थांबायचं. काखेत कळसा नि गावाला वळसा!

मास्तरांना स्वतःची भयंकर लाज वाटली. शिलाई शिकणाऱ्या प्रत्येकाला ते बजावत आले होते, कपडा अंगात थोडा सैल ठेवा, माणसाला श्वास घ्यायचा असतो. त्यांनी नखाने चकती उपटून काढली.

"फोन ठेव. मीच गळा आवळला होता हिचा."

"आणि पुन्हा बंद पडली तर?"

"तर ढकलत नेईन."

काकूंनी त्यांच्याकडे एकवार नीट बघितलं, फोन पर्समध्ये टाकला आणि नाकाला रुमाल लावला.

गाडी कुठेच अडली नाही. थोरली बहीण दारात खुर्ची टाकूनच बसली होती. दोघी एकमेकींना धरून रडल्या, आणि डोळे पुसायच्या आतच कोण जास्त वाळलं यावरून भांडल्या. मास्तर चकतीची हकीकत सांगायला गेले, पण ऐकतंय कोण!

"घरातच असतेस का गं दिवसभर?" काकूंनी विचारलं.

"जाणार कुठे? आणि मला नेणार कोण?"

काकूंनी उंबऱ्याच्या आत पाऊलच टाकलं नाही.

"ताई, चप्पल घाल," त्या म्हणाल्या. "आमची गाडी आहे."