फळीवाले आणि मावशींचं जाळं

माझ्या भाच्यानं परदेशी जाताना घरातल्या बऱ्याच वस्तू वाटून टाकल्या. वहिनीला मिक्सर मिळाला, शेजाऱ्यांना कुंड्या मिळाल्या आणि मला पाठीवर घ्यायची एक भलीमोठी निळी बॅग. आत घडी घातलेला रबरी बोर्ड, तीन तुकड्यांचं वल्हं, हातपंप आणि पायाला बांधायची दोरी होती. हवा भरली की बोर्ड दारापेक्षा लांब आणि फळीसारखा कडक होतो, त्यावर उभं राहायचं आणि वल्हवायचं. "आत्या, तुला पोहता येतं, तूच घे," एवढंच तो म्हणाला.

मी सालवडला राहते आणि बोईसरच्या एका रसायन कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. दिवसभर उभं राहून नमुने तपासायचे, तेव्हा सुट्टीच्या दिवशी पुन्हा पाण्यावर जाऊन उभं राहायची हौस कुणाला असेल, असं मला वाटलं होतं. बॅग सहा महिने पलंगाखाली होती. मग एका रविवारी स्कूटरवर पुढे पायाशी ती कशीबशी आडवी ठेवली आणि पश्चिमेकडच्या खाडीवर गेले. निघताना आमच्या बिल्डिंगच्या वॉचमननं विचारलं, "मॅडम, टेंट है क्या?" मी हो म्हणाले. खरं सांगत बसले असते तर उशीर झाला असता.

पाण्यावर उभं राहण्याआधी पंप मारावा लागतो, हे या छंदाचं खरं स्वरूप. पहिले शंभर दट्टे सहज जातात आणि पंपावरचा काटा जागचा हलत नाही. काटा हलायला लागतो तेव्हा हात भरून आलेले असतात. तोवर किनाऱ्यावर चार माणसं जमलेली असतात. ती बघत राहतात, आणि एक जण हमखास विचारतो की किती जण बसतात. बसत नाहीत, उभे राहतात, असं सांगितलं की तो विचारतो, मग बसायचं कुठं. पहिल्या दिवशी मी सात वेळा पडले. खाडीचं पाणी खोल नव्हतं, पण तळाला गुडघाभर चिखल होता, आणि तो नखांतून निघायला मंगळवार उजाडला.

तरीही मी पुन्हा गेले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. तिसऱ्या वेळी साधारण दहा मिनिटं पडले नाही. पाय थरथरत होते, नजर समोरच्या तिवरांवर ठेवली होती, आणि त्या दहा मिनिटांत मला घरचं किंवा कंपनीतलं काहीही आठवलं नाही. तेवढं मला पुरेसं झालं.

तिथेच मला बाकीचे तिघं भेटले. एक बोईसरचे दाताचे डॉक्टर, पन्नाशीचे. दुसरं जोडपं, दोघंही कोळगावला जिल्हा मुख्यालयात नोकरीला. डॉक्टरांनी ग्रुप केला आणि आपोआप तेच त्याचे प्रमुख झाले. माझ्याकडे लाइफ जॅकेट नव्हतं, तर स्वतःकडचं जादाचं त्यांनी मला देऊन टाकलं, परत मागितलं नाही. पण त्यांचे नियम फार. गुडघ्यावर बसून वल्हवणाऱ्याला ते मोजतच नसत. वल्हं उलटं धरलंय हे लांबून ओरडून सांगत. कुणाचा बोर्ड किती फुटी यावर ग्रुपवर आठवडाभर चर्चा चाले, आणि त्याच ग्रुपवर पहाटे पावणेपाचला "निघालो" असा मेसेज टाकून ते स्वतः साडेसहाला पोचत. जोडप्यातल्या नवऱ्याला तोल चांगला होता, बायकोला नव्हता, आणि तो तिला सारखं सैल राहा, सैल राहा म्हणे. त्यानं ती आणखीच आखडत असे.

भरतीची वेळ मात्र मीच काढत असे, कारण मी वाडीतली. आमचं माहेर किनाऱ्यालगतच्या गावात, चिकू-केळीची वाडी. समुद्रात आमचं कुणी जात नसे, पण तिथीवरून पाणी कधी चढतं हे घरात सगळ्यांना ठाऊक असे. अष्टमीच्या आसपास सकाळी सहा-साडेसहाला खाडी भरते. पुनवेला किंवा अवसेला सकाळी गेलं तर नुसता चिखल. त्यामुळे महिन्यातले दोनच रविवार आम्हाला चांगले मिळत, आणि डॉक्टर त्यासाठीही कॅलेंडरवर वैतागत.

जानेवारीतल्या एका रविवारी षष्ठी होती. भरती पाचच्या आधीच होऊन गेलेली. मी ग्रुपवर तसं लिहिलं होतं. पण डॉक्टर उशिरा आले, त्यांच्यासाठी थांबलो आणि पाण्यात उतरायला सात वाजले. तोवर सुकती, म्हणजे ओहोटी, चांगलीच लागली होती. पाणी समुद्राकडे ओढत होतं आणि आम्हाला वाटत होतं, आज आपण काय छान वल्हवतोय.

वळणापाशी जोडप्यातल्या बायकोचा बोर्ड एकदम थांबला आणि ती पुढे पाण्यात पडली. बोर्डाच्या तळाला मागच्या बाजूला माशाच्या परासारखा एक प्लॅस्टिकचा पर असतो. तो जाळ्यात अडकला होता. तिथं चिखलात खुंट रोवून जाळं बांधलेलं होतं, सुकतीचं पाणी त्यातून जाऊन मासळी आत राहावी म्हणून. खुंटांची टोकं पाण्याबाहेर वीतभरच दिसत होती. आम्ही बोलत होतो, कुणी बघितलंच नाही. तिच्या पायाची दोरीही जाळ्यात गुंतली. प्रवाह तिला पुढे ओढत होता आणि दोरी मागे. जॅकेटमुळे तिचं तोंड पाण्याबाहेर होतं, पण ती पुरती घाबरली होती. पायाची पट्टी सोड म्हणून नवरा सांगत होता आणि तिला ते ऐकूच येत नव्हतं.

डॉक्टरांकडे छोटी सुरी असे. त्यांनी पोटावर झोपून जाळं कापायला घेतलं. मी जाळं ताणून धरलं, त्यांना नीट कापता यावं म्हणून. हे मी मुद्दाम लिहिते आहे. दोन-तीन मिनिटांत ती सुटली. जाळ्याला हातभर लांबीचं भगदाड पडलं होतं, आणि त्यातून एक चंदेरी मासा आमच्यादेखत निघून गेला.

किनाऱ्यावर आल्यावर तिला चहा पाजला. ती थोडी रडली, मग हसली. कुणाचं जाळं असेल, सांगायला हवं का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले की जाळी फाटतच असतात, आपण जीव वाचवला आहे, आणि आता गावात जाऊन सांगितलं तर उद्यापासून इथं उतरू देणार नाहीत. त्यात तथ्य होतं. आम्ही बोर्ड गुंडाळले आणि घरी आलो.

तो आठवडा मला बरा गेला नाही. झोप उडाली वगैरे काही नाही. पण काम करताना मध्येच हातात ते ताणलेलं जाळं जाणवायचं. शनिवारी मला दुसरी पाळी होती. सकाळी स्कूटर काढली आणि खाडीवरच्या गावात गेले. धक्क्यावर दोन माणसं होती, त्यांना वळणावरचं जाळं कुणाचं म्हणून विचारलं. त्यांनी बोट दाखवलं. तिसऱ्या घराच्या ओट्यावर साठीच्या पुढची एक बाई पाय पसरून बसली होती. मांडीवर तेच जाळं होतं आणि ती ते सांधत होती.

मी समोर उभी राहिले आणि म्हणाले, "मावशी, हे जाळं आमच्याकडून कापलं गेलं."

त्यांनी मान वर केली नाही. "कापलं गेलं नाय," त्या म्हणाल्या. "कापलं."

मी म्हणाले, "हो. कापलं."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. फळीवाले म्हणजे तुमीच काय, असं विचारलं. गावात आम्हाला फळीवाले म्हणतात हे मला तेव्हा कळलं. मी झालेलं सगळं सांगितलं, ती बाई अडकली ते, आणि मी जाळं धरलं होतं तेही. त्यांनी ऐकून घेतलं. बाईला लागलं काय, एवढं विचारलं. नुकसान भरून देते असं मी म्हणाले, त्यावर त्यांनी नुसताच हात हलवला आणि खाली बसता येतं काय, असं विचारलं. मी ओट्यावर मांडी घातली. त्यांनी जाळ्याचं एक टोक, दोरा गुंडाळलेली प्लॅस्टिकची चपटी सुई आणि माप धरायला बांबूची पट्टी माझ्या हातात दिली.

जाळ्याची गाठ वरून सोपी दिसते. पट्टीवरून दोरा घ्यायचा, जाळ्याच्या वरच्या घरातून, म्हणजे चौकोनातून, काढायचा, अंगठ्यानं दाबायचा, वळसा देऊन ओढायचा. माझी प्रत्येक गाठ निसटत होती. मावशी बोलत होत्या तेवढ्या वेळात त्यांच्या वीस गाठी झाल्या, माझ्या तीन. नवरा वारल्यापासून त्या आणि त्यांचा भाऊ मिळून खाडीत जाळं लावतात. भाऊ होडी वल्हवतो, जाळं त्या बघतात. पूर्वी एका सुकतीला दोन टोपल्या भरत, आता एक भरली तरी नशीब. हे सगळं त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही.

मग मी कुठं कामाला, हे त्यांनी विचारलं. कंपनीत, मी सांगितलं, लॅबमध्ये, पाणी तपासते.

"आमचं पाणी कवा तपासता?"

आमच्या गेटातून बाहेर जाणारं पाणी आम्ही तपासतो, त्यापुढचं आमच्याकडे येत नाही, असं मी सांगितलं. ते खरंच होतं. त्यांनी मान हलवली आणि माझी सुई उलटी फिरली आहे हे दाखवलं.

दुपारी निघताना मावशींनी एक व्यवहाराची गोष्ट सांगितली. जाळं कुठल्या दिवशी पाण्यात आहे हे तुम्हाला कळायला हवं आणि तुम्ही कधी येणार हे आम्हाला. म्हणून माझा नंबर त्यांच्या भावाच्या फोनमध्ये गेला. शनिवारी संध्याकाळी फोन येऊ लागला. "उद्या जाळं हाय, वळणाच्या पुढं जाऊ नका." किंवा, "उद्या नाय." फोन तेवढाच, आवाज भावाचा, आणि मागून मावशी काय सांगायचं ते सांगत असायच्या. मी ते ग्रुपवर टाकत असे. शिवाय खुंटांची टोकं लांबून दिसावीत म्हणून मी जुन्या लाल चादरीच्या पट्ट्या फाडून नेल्या आणि भावानं त्या बांधल्या.

डॉक्टरांना हे रुचलं नाही. मी न विचारता गावात गेले याचा त्यांना राग आला होता. ते तसं सरळ बोलले नाहीत. खाडी काय कुणाच्या मालकीची आहे, आता परवानगी घेऊन वल्हवायचं का, असं ग्रुपवर लिहिलं. जोडप्यातल्या बायकोनं उत्तर दिलं की अडकले होते ती मी, मला तरी फोन आलेला बरा. मग डॉक्टर सूर्या नदीवर जायला लागले. तिथं भरती नाही, जाळं नाही, पाणी गोडं आहे, असं ते सांगतात. माझी दाढ दुखली तेव्हा मी त्यांच्याकडेच गेले. त्यांनी नीट बघितली, औषध दिलं आणि वल्हं कसं धरता आता, असं विचारलं.

मी सांधलेल्या गाठींचं काय झालं ते मला महिन्याभरानं कळलं. भाऊ सहज बोलून गेला की तुम्ही गेल्यावर बहिणीनं तुमच्या सगळ्या गाठी सोडल्या आणि पुन्हा मारल्या. मला वाईट वाटलं, पण मावशींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुज्या गाठीतनं मासा गेला असता, बाय." तोवर त्या मला तू म्हणायला लागल्या होत्या.

पाण्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. एकदा मी खाडीचं पाणी बाटलीत घेतलं आणि किनाऱ्यावरच साध्या पट्टीनं आम्लता बघितली. मावशींना आकडा सांगितला. चांगलं का वाईट, त्यांनी विचारलं. आज ठीक आहे, मी म्हणाले. आज ना, त्या म्हणाल्या. तेव्हापासून दर खेपेला मी पट्टी बुडवते आणि तारीख घालून वहीत लिहून ठेवते. एवढ्यानं काही सिद्ध होत नाही हे मला लॅबमध्ये काम केल्यामुळे कुणापेक्षाही जास्त कळतं. पण मावशी विचारतात, आणि मला सांगायला काहीतरी असतं.

होळीनंतरच्या एका रविवारी भावाला ताप होता. जाळ्याच्या पलीकडच्या खुंटाची दोरी झिजली असेल असा मावशींना संशय होता आणि होडी एकटीनं वल्हवणं त्यांना जमत नव्हतं. त्यांनी माझ्या बोर्डाकडे बघितलं आणि हे दोघींना घेतं काय, असं विचारलं. मी त्यांना जॅकेट घालायला लावलं. त्यांनी ते घातलं, पण हसत. पाय पुढे पसरून, दोन्ही हातांनी कडा धरून त्या पुढे बसल्या आणि मी मागे गुडघ्यावर बसून वल्हवलं. उभं राहायचं धाडस मला झालं नाही. वाटेत त्यांनी दोनदा सांगितलं की मी उजवीकडे जास्त वल्हं मारते. खुंटाशी पोचल्यावर त्यांनी दोरीवरून बोटं फिरवली, झिजलेली जागा शोधली, कमरेची नवी दोरी काढून बांधली आणि ओढून बघितली.

परत येताना मी त्यांना विचारलं की कशी वाटली फळी.

"बरी हाय," त्या म्हणाल्या. "पण मासली ठेवाया जागा नाय."

किनाऱ्याला लागल्यावर त्यांनी लुगड्याचा ओला काठ पिळला, जॅकेट माझ्या हातात दिलं आणि बाजाराची रिक्षा सुटायच्या आत टोपली आणायला घराकडे गेल्या.