एकतारी पाक आणि दाजींचा हात

दाजींनी बोट लावून पाहिली नाही अशी वस्तू इथे कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये सापडणं कठीण. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, निवृत्त इंजिनियर. स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. फेरीबोटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या कोटाची बाही चिमटीत धरून ते "प्युअर वूल नाही, फसवलं तुम्हाला," असं अत्यंत प्रेमाने सांगत. ग्रोसरीत ते ॲव्होकॅडो चाचपत असेपर्यंत ताईची गाडीत एक डुलकी होई. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीचे रव्याचे लाडू मात्र त्यांच्याकडेच असत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पाकाची तार धरली की त्यांचा चेहरा तंबोरा जुळवणाऱ्या गवयासारखा होई.

तो उजवा हात ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना स्नोब्लोअरने नेला. यंत्रात अडकलेला बर्फ काठीने काढायचा असतो. पण काठीला काय कळतं, म्हणून यांनी बोटं घातली. पुढच्या दिवाळीला पाक नुसता डोळ्यांनी बघितला, आणि ते लाडू मंडळाच्या अध्यक्षांना टेबलावर आपटून फोडावे लागले.

"डाव्या हाताने बघावा पाक. देव काय पोलीस पाठवणारे?" ताई म्हणाली.

"नैवेद्याला डावा हात? मी नाही लावणार!"

पुढे ताईचा आजार कळला. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. त्याच महिन्यात दाजींनी विद्यापीठातल्या एका प्रयोगात नाव घातलं. दंडातल्या नसांवर इलेक्ट्रोड बसवायचे, कृत्रिम बोटांत सेन्सर. बोट टेकलं की गेलेल्या बोटात स्पर्श उमटतो. काय जाणवावंसं वाटतं, असं तिथल्या संशोधक बाईंनी विचारलं. "शुगर सिरप. अँड माय वाइफ्स हँड," दाजी म्हणाले, आणि घाईने जोडलं, "वाइफ फर्स्ट." मी सोबत होतो; हात लावूनच खात्री करायचा त्या माणसाचा हट्ट मला तिथे पहिल्यांदा पूर्ण दिसला.

डोळे बांधून कापूस की लाकूड ते ओळखायचं असे. दाजी बरोबर ओळखत, वर "कापूस हलका आहे" असा शेराही मारत. एकदा ताई व्हीलचेअरवर सोबत आली. बाईंनी कापूस बाजूला ठेवला आणि ताईने आपला हात त्या प्लास्टिकच्या हातात दिला. दाजींनी बोटं हळूच मिटली.

"थंड की गरम, ते कळत नाही," ते म्हणाले. "पण मी काही विसरलो की तू आवळतेस, तसा आवळलाय. तूच ना गं?"

"स्टोव्ह बंद केलात का निघताना?" ताईने विचारलं.

त्या दिवशी पुढची चाचणी झालीच नाही. बाईंनी यंत्र तसंच चालू ठेवलं.

मग ताई गेली. प्रयोगाची मुदत संपली, इलेक्ट्रोड काढले. यंदाच्या दिवाळीत मी रवा भाजून दिला. दाजी पाकापाशी थोडा वेळ नुसते उभे राहिले आणि मग त्यांनी डावा हात पुढे केला. अंगठा आणि तर्जनीमध्ये एक नाजूक तार आली. "ही म्हणत होती तेच," ते पुटपुटले. "यालाही कळतं."

तार मोडू नये म्हणून ते बोटं तशीच धरून उभे राहिले. गॅसवरचा पाक केव्हाच एकतारीच्या पुढे गेला होता. लाडू दगडासारखे झाले. आम्ही दोघांनी ते हळूहळू चघळत संपवले.