संबंध नसलेले संबंधित

समुद्रावरून आलेलं धुकं त्या सकाळी गावात शिरलं ते निघायचं नावच घेईना. कडी हेडली उजाडल्यापासून लीकच्या वाफ्यात वाकून गोगलगायी वेचत होता. लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा थोरला भाऊ. पण उत्तर इंग्लंडातल्या आमच्या नॉर्थंबरलंडच्या खाणगावांत तो खाण्यापेक्षा मिरवायलाच जास्त लावतात. सप्टेंबरच्या प्रदर्शनात ज्याचा लीक मांडीएवढा, तो वर्षभर क्लबात छाती काढून बसतो. कडी एकेका रोपाशी बोलायचा. बायकोशी कधी एवढा बोलला नाही, असं त्याची मेव्हणी सांगते.

बायको गेल्यावर घर विकून तो इथं भाड्यानं आला. हे घर रिडली स्टोरीचं, आणि मागची बाग त्याच्या धाकट्या भावाची, जॉसची. बापानं तशी वाटणी करून ठेवली होती. भावाभावांची बोलचाल बंद. कारण एका प्रदर्शनाच्या तोंडावर कुणीतरी जॉसचे लीक सुरीनं चिरून टाकले होते. जॉस म्हणे, रिडलीनंच. रिडली म्हणे, हा हरणारच होता, म्हणून यानंच स्वतःचे चिरले. आता दोघंही थकले आणि विकायला निघाले. कडीला दोन्ही हवं होतं. बागेवाचून घर म्हणजे त्याच्या लेखी नुसतं छप्पर. ती माती त्यानं इतकी वर्षं घोड्याची लीद घालून आणि बिअर पाजून पोसली होती, ती काय पाटीत भरून दुसरीकडे नेता येते?

वकीलबाई मिस थर्लवेल यांच्याकडे त्याच्याबरोबर मी गेलो. कडीला डाव्या कानानं ऐकू येत नाही, आणि उजव्यानं तो सोयीचं तेवढंच ऐकतो.

"घराची किंमत स्टॅम्प ड्युटीच्या करमाफ मर्यादेत बसते," बाई म्हणाल्या. "बागेचीही बसते. पण दोन्ही सौदे तुम्ही एकाच बोलीत ठरवलेत, आणि विकणारे सख्खे भाऊ. कायद्याच्या भाषेत संबंधित व्यक्ती. मग दोन्ही किमतींची बेरीज धरायची, आणि बेरीज मर्यादेच्या वर जाते."

"संबंधित?" कडी खुर्चीतून उठलाच. "बाई, त्येंचा काय बी संबंध न्हाई! एक क्लबात शिरला की दुसरा मुतारीत जाऊन बसतो."

"संबंध नसले तरी संबंधितच. बाप एक ना?"

"त्येंनाच इचारा. दोघं बी एकमेकाला दूधवाल्याचं पोर म्हनत्यात."

बाईंनी हसू फायलीमागं दाबलं. भरायचे पैसे तसे थोडेच होते. मर्यादेच्या वर जेवढं जातं, तेवढ्यापुरते. कडी म्हणाला, भरतो. तिथवर सगळं ठीक होतं. पण त्या दिवशी क्लबात त्याची जीभ सुटली.

"जॉस, लेका, आम्हाला जमलं न्हाई ते सरकारनं केलं बघ! तुमा दोघा भावांचे सौदे एकात जोडलं!"

जॉसनं ग्लास खाली ठेवला. "मला? त्याच्याशी जोडलं? मग ऱ्हाऊ दे. बाग इकत न्हाई."

"आरं, नुसतं कागदावर..."

"कागदावर बी न्हाई!"

कडीचं तोंड एवढंसं झालं. त्यानंतर तो वाफ्यात जायचा, पण रोपांशी बोलेना. मेव्हणीलासुद्धा त्याची दया आली.

मग एक दिवस तो मलाच हाताला धरून जॉसच्या दारात घेऊन गेला.

"पाया पडाया आलास?" जॉसनं किटली ठेवता ठेवता विचारलं.

"न्हाई रं. तू न्हाई म्हनलास, ते रिडलीच्या घराला बरंच झालं, एवढंच सांगाया आलो. आता बेरीज न्हाई. त्या घरावर छदाम कर न्हाई."

जॉस थबकला. "आन मी इकली असती तर?"

"तर तुझ्या बागेपायी त्या घरावर कर चढला असता. कराची वाटनी किमतीच्या मानानं व्हती. घर महाग, म्हंजी थोरला वाटा घराच्याच नावावर."

"कायद्यानं?"

"कायद्यानं."

"माझ्यामुळं?"

"निव्वळ तुझ्यामुळं."

कर भरायचा तो विकत घेणाऱ्यानं, विकणाऱ्यानं नाही, हे जॉसनं विचारलं नाही आणि कडीनं सांगितलं नाही. मी चहात बिस्किट धरून बसलो होतो. ते तुटून तळाला गेलं.

"वकिलीनबाईला सांग," जॉस म्हणाला, "मी सही कराया येतोय."

जॉसनं वकीलबाईंकडे सही केली, आणि रिडली दुसऱ्या दिवशी तिथंच येऊन सही करून गेला. जाताना दारात घुटमळला. "त्यानं केली सही? हात थरथरत नव्हता ना त्याचा?"

"न्हाई. झ्याक व्हता," कडी म्हणाला.

"हं," रिडली म्हणाला, आणि टोपी घालून निघाला.

दोन्ही सौद्यांचा कर कडीनं भरला. आईबापांनी त्याचं नाव कडी ठेवलं ते उगाच नव्हे, दोन टोकं जोडते तीच कडी, असं मी म्हटलं, तर त्यानं डावा कान पुढं केला. घरी येऊन बूट चढवले, डबा घेतला आणि वाफ्यात वाकला.

"आलो बरं का," तो पहिल्या रोपाला म्हणाला, आणि त्याच्या पातीखालची गोगलगाय उचलून डब्यात टाकली.