पायावरचा खळगा

गावावर तोफगोळे पडायला लागले तेव्हा शिंपीणबाईंनी शिलाईमशीन होतं तिथंच टाकलं, नातीला कडेवर घेतलं आणि लेकीचा हात धरून चालू लागल्या. चौथ्या दिवशी एका बंद शाळेत आसरा मिळाला. एका वर्गात नऊ बिऱ्हाडं. मध्ये भिंती म्हणून बाकं रचलेली.

नात सव्वा वर्षाची. दुसऱ्या महिन्यात तिनं रडणंच सोडलं. शेजारणी म्हणायच्या, "गुणाची गं बाई पोर, जरा त्रास देत नाही." पण आवारातल्या दवाखान्याच्या तंबूत नर्सनं तिच्या दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी गुंडाळली आणि बाण धोक्याच्या लाल रंगावर थांबला.

"आजी, ही शहाणी नाही, अन्नावाचून थकलीय. रडायलासुद्धा ताकद लागते."

शिंपीणबाईंनी कपाळावर हात मारला. जन्मभर गावाची मापं घेतली आणि घरातलंच माप चुकलं! नर्सनं मात्र दोष दिला नाही. तिनं शेंगदाण्याच्या गोड लगद्याची पाकिटं दिली, थोडं थोडं कसं भरवायचं ते शेजारी बसून दाखवलं. दीड महिन्यानं एका दुपारी पोरीनं पाकीट हिसकावून घेतलं आणि आजीनं परत मागितलं म्हणून असं भोकाड पसरलं, की पेंगणारा वर्ग खडबडून उठला. शिंपीणबाई एकीकडे माफी मागत होत्या, एकीकडे पदरानं डोळे पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या नर्सपुढे उभ्या. "तुमचे उपकार फिटायचे नाहीत. पण मापं घेता येतात मला. काम द्या."

नर्सनं पट्टी दिली आणि आणखी एक गोष्ट शिकवली: बाळाची दोन्ही पावलं अंगठ्यानं दाबून बघायची.

तेव्हापासून त्या वर्गावर्गातून फिरू लागल्या. शेवटच्या वर्गात ट्रकड्रायव्हरची बायको राहायची. तिची मुलगी चांगली गुबगुबीत, म्हणून सगळे तिला ठमी म्हणत. पट्टीवर हिरवा रंग आला.

"बघा! माझी ठमी काय उपाशी वाटली तुम्हाला?"

शिंपीणबाईंनी पावलं दाबली. अंगठा उचलला, तरी खळगा तसाच. दुसऱ्या पायावरही.

"बाई, हे बाळसं नाही, उपासमारीची सूज आहे. आत्ता चल माझ्याबरोबर."

"नजर लावू नका पोरीला! निघा."

त्या निघाल्या, पण सरळ नर्सकडे. तासाभरात दोघी परतल्या, नर्सनं समजावलं आणि ठमी तालुक्याच्या इस्पितळात गेली. तिथं औषधी दूध सुरू झालं आणि आठवड्यात वजन घटलं. ड्रायव्हरच्या बायकोनं आकांत मांडला. डॉक्टर म्हणाले, "सूज उतरतेय. आता खरी मुलगी दिसेल. अजून थोडे दिवस अंगावर काढलं असतंत, तर हातची गेली असती."

तीन आठवड्यांनी मायलेकी परतल्या. ठमी काटकुळी, पण डोळे लुकलुकते, हात सगळीकडे.

"काकू, मी तुम्हाला हाकललं होतं," ड्रायव्हरची बायको खाली मान घालून म्हणाली.

"लेकराच्या काळजीनं माणूस काहीही बोलतं. ते काय धरून बसायचं!"

तिनं ठमीला शिंपीणबाईंच्या मांडीवर ठेवलं, हंडा उचलला आणि मागं वळूनही न बघता निश्चिंत मनानं पाण्याला गेली.